जोगेश्वराची अर्धी प्रदक्षिणा

८ सप्टेंबर १९९६, रविवार

अखेर ठरलं. डोंगराला फेरी मारायची. पाच दिवस, पाठीवर बिऱ्हाड घेऊन, पायी! मी नाही — हे.

कारण एकच. यांच्या पाटबंधारे ऑफिसातले साहेब मे महिन्यात हिमालयात जाऊन आले. तेव्हापासून साहेबांच्या टेबलावर बर्फातला फोटो आहे. फाईल घेऊन गेलं की साहेब आधी फोटो दाखवतात, मग सही करतात. चार महिने हे तो फोटो बघतायत. आता सहन होईना.

हिमालय लांब पडतो, म्हणून सह्याद्री. भोरच्या पलीकडे, पार घाटमाथ्याच्या टोकाला जोगेश्वराचा डोंगर आहे. वर महादेवाचं देऊळ. देवळात काय, कुणीही जातं! हे डोंगराच्या भोवतीनं जाणार. एका घाटानं खाली कोकणात उतरायचं, पायथ्यापायथ्यानं पलीकडे जायचं, दुसऱ्या घाटानं वर यायचं.

"आजवर बारामतीतून कुणी केलेलं नाही," म्हणाले.

बारामतीतून कुणी उलट्या पावली इंदापूरलाही गेलेलं नाही. मी चहा ठेवायला उठले.

१५ सप्टेंबर, रविवार

उद्या गणपती. मखर अजून अर्धंच आहे, समिती मात्र पूर्ण झाली. नाव — जोगेश्वर प्रदक्षिणा मोहीम समिती. अध्यक्ष अर्थात हे. उपाध्यक्ष महिपतराव. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपांबरोबर आळीचं धर्मशास्त्रही तेच दुरुस्त करून देतात. सचिव बुद्धघोष भाऊजी. ते भूमी अभिलेखमध्ये मोजणीला असतात. तिघांत खरोखर डोंगर चढलेला माणूस हा एकच, आणि बोलतातही तेच सगळ्यात कमी.

मी समितीत नाही. पण अक्षर बरं आहे म्हणून ठराव लिहायला मी. शाळेत सातवीला भूगोल शिकवते म्हणून नकाशा समजावायलाही मीच. आणि चहा. चहाचा ठराव लिहावा लागत नाही, तो आपोआप मंजूर होतो.

दोनशेपानी वही आणली. पहिल्या पानावर श्री. दुसऱ्या पानावर तीन नावं. खाली चौथं लिहायला जागा होती.

२२ सप्टेंबर, रविवार

नकाशा आला! बुद्धघोष भाऊजींनी पुण्याच्या एका मित्राकडून ट्रेसिंग पेपरवर उतरवून आणला. काय सुरेख हात आहे! प्रत्येक ओढा, प्रत्येक खिंड. मी तर जेवण विसरून बघत बसले.

महिपतराव म्हणाले, "हे गांडुळासारखं काय काढलंय?" मग मी समोच्च रेषा समजावून सांगितल्या. रेषा लांब लांब असल्या तर उतार सौम्य, जवळ आल्या तर चढ उभा, आणि इथं जशा एकमेकींना चिकटल्यात तसा असेल तर कडा.

यावर अध्यक्ष म्हणाले, "नकाशावर चिकटल्यात गं. प्रत्यक्षात सुट्या असतील."

हे वाक्य ठरावात घेतलं नाही. इथं जपून ठेवते.

अंतर हे बोटांनी मोजत होते. चार बोटं म्हणजे एक दिवस. भाऊजींनी खिशातून दोरा काढला, वळणावळणानं वाटेवर लावला, मग सरळ करून मोजला. चार बोटांची आठ झाली. हे म्हणाले, दोऱ्याला ताण नीट बसला नसेल.

कप न्यायला आत्याबाई बाहेर आल्या. ठमाबाई, माझ्या सासूबाई. बासष्ट वर्षांच्या, काटक. सहज म्हणाल्या, "कंचा डोंगर म्हणायचा ह्यो? जोगीबाचा व्हय?"

"आई, तू आत जा."

आवाज असा की महिपतरावांनीही मान वर केली. आत्याबाई आत गेल्या.

कारण मला ठाऊक आहे. बहात्तरच्या दुष्काळापर्यंत या घरी मेंढरं होती. दिवाळी झाली की अख्खं घर कळपाबरोबर कोकणात, आणि पाऊस लागायच्या आत माघारी. दुष्काळात मेंढरं विकली आणि पिंपळीला चार एकर घेतलं. ऑफिसात हे सांगतात, "आमचं पूर्वापार बागाईत." लग्नानंतर एकदाच माझ्याशी बोलले होते — शाळेसाठी लहानपणीच वसतिगृहात ठेवलेलं, कळपाबरोबर जाणं सुटलं, आणि तिथं पोरं पाठीमागून बें-बें करायची. त्यानंतर तो विषय बंद. आत्याबाईंनाही ताकीद आहे, लोकांपुढं मेंढरांचं नाव काढायचं नाही.

म्हणून आज असं झालं की जी बाई त्या डोंगराखालून वर्षानुवर्षं चालत गेली ती मोरीत कप विसळत होती, आणि बाहेर तिघं जण दोरा धरून बसले होते.

२९ सप्टेंबर, रविवार

समितीत फूट!

महिपतरावांना दुकानात पंपाची मोटार दुरुस्त करताना आठवलं की शंकराची प्रदक्षिणा अर्धीच करतात. खरंच आहे ते. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ते सोमसूत्र ओलांडायचं नसतं. तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं माघारी फिरायचं. आता जोगेश्वराच्या देवळामागच्या टाक्यातून एक ओढा निघतो, तो कडा उतरून खाली पायथ्याला येतो. म्हणजे अख्ख्या डोंगराचं सोमसूत्र तेच! म्हणजे तो ओढा ओलांडायचा नाही! म्हणजे फेरीच होत नाही!

दोन तास. चहा तीनदा. हे म्हणाले, नियम देवळाला आहे, डोंगराला नाही. महिपतराव म्हणाले, डोंगर हीच पिंड. हे म्हणाले, मग पावसाळ्यात सगळं कोकणच सोमसूत्र, लोकांनी घरातच बसायचं का? महिपतराव म्हणाले, "मानसिंगराव, देवाशी वाद नको."

बुद्धघोष भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "मला दोन्हीकडनं चालेल. फक्त ओढ्याला पाणी असलं म्हणजे झालं, प्यायला लागेल."

शेवटी यांनी मतदान घेतलं. दोनास एक. ओढा ओलांडायचा. "शास्त्राच्या नावाखाली कच खाणारे आपण नव्हे," असं अध्यक्षांचं वाक्य ठरावात शब्दशः लिहून घेतलंय. खाली तारीख टाकली, सह्या घेतल्या.

२ ऑक्टोबर

सरावाचा पहिला दिवस ठरला होता. गांधी जयंतीची सुट्टी आली, म्हणून सरावालाही सुट्टी.

६ ऑक्टोबर, रविवार

आज मी विचारलं.

सगळे असतानाच विचारलं. एकट्यात विचारलं असतं तर उत्तर आलंच नसतं. म्हटलं, मीही येते. शाळेला नाताळची सुट्टी आहे, लेकीला, राजनंदिनीला, आत्याबाई सांभाळतील, नकाशा मला वाचता येतो.

 मग महिपतराव हसले. "वहिनी, तिथं स्वयंपाकघर नाही हो!" हेही हसले. "तुला पिंपळीच्या चढावर धाप लागते." पिंपळीला चढ नाही. कालव्याचा भराव आहे.

भाऊजी तेवढे हसले नाहीत. "येऊ द्या की," म्हणाले. पण सचिवाला समितीत कोण विचारतो!

मला जायचंय. साधी गोष्ट आहे. नववीत होते तेव्हा शाळेची सहल सिंहगडाला गेली, तेव्हा माझी पाळी आली म्हणून आईनं पाठवलं नाही. त्यानंतर कुणी विचारलं नाही आणि मीही मागितलं नाही. पंधरा वर्षं फळ्यावर डोंगर काढतेय. हा एक डोंगर मी ओढ्या-नाल्यांसकट पाठ केलाय. आणि त्याच्याभोवती जाणार कोण, तर ज्यांना रेषा सुट्या वाटतात ते.

मग भांडी जरा जोरात घासली गेली.

९ ऑक्टोबर

आत्याबाई आज भाकरी थापताना एकदम म्हणाल्या, "तुला जायचंय व्हय गं?"

मी हो म्हटलं.

त्यांनी परातीतला पिठाचा गोळा मधोमध ठेवला. वरून अंगठ्यानं दाबला. म्हणाल्या, "ह्यो जोगीबा." मग भोवतीनं कोरड्या पिठात बोट फिरवत गेल्या. "हितं उंबरमाळ. हितनं दोन घाट उतरत्यात. ह्यो उगडा, निस्ता काताळ. ह्यो झाडीतला. ह्या दोघांच्या मदी खाली वढा. वढ्याला डोह हाय, त्यो आटत न्हाय."

मी नकाशा आणून परातीशेजारी धरला. जसाच्या तसा! फक्त आत्याबाईंच्या परातीत जास्त होतं. कुठं सावली, कुठं झरा, कुठल्या खडकाखाली चार माणसं पाऊस चुकवतात.

मी समितीची योजना सांगितली. डोंगर उजव्या हाताला ठेवायचा. म्हणजे झाडीच्या घाटानं उतरायचं आणि उघड्या घाटानं चढायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी.

आत्याबाईंनी हात थांबवला. "त्या अंगानं चढत्यात व्हय कुणी? दुपारच्याला? तवा तापतो तसा तापतो त्यो काताळ. पाण्याचा थेंब न्हाय. सकाळच्याला तितनं उतरायचं असतं. आन् चढायचं झाडीतनं. आमी दरसाल तसंच जायाचो."

"मग यांना सांगा ना."

"मी कोन सांगनार? आमचं पूर्वापार बागाईत."

मी इतकी हसले की भाकरी करपली.

१३ ऑक्टोबर, रविवार

समितीपुढं मांडलं. आत्याबाईंचं नाव घेतलं नाही, म्हटलं एका पुस्तकात वाचलं — फेरी उलटी करावी. पाणी आणि सावली दोन्ही सोयीचं पडतं.

महिपतराव पाट सोडून उठायचेच बाकी होते. "देवाला डाव्या हाताला ठेवून? वहिनी, उलट्या फेऱ्या सरणाभोवती मारतात!"

हे म्हणाले, "कुठलं पुस्तक?"

बुद्धघोष भाऊजी नकाशावर वाकून बराच वेळ बघत होते. "वहिनी म्हणतात ते बरोबर वाटतंय," म्हणाले. दोनास एक. ठराव नामंजूर. मी माझ्याच प्रस्तावाचं नामंजूर माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं.

२० ऑक्टोबर, रविवार

सराव सुरू. पुण्याहून तीन सॅक आणल्या, हंटर बूट आणले. सॅकमध्ये वजन हवं म्हणून पंधरा-पंधरा किलो ज्वारी भरून पहाटे कालव्यानं निघाले. भिगवण रस्त्यापर्यंत पोचले. परत येताना सॅक महिपतरावांच्या एम-एटी गाडीवर आल्या, आणि समिती भेळ खाऊन आली.

ज्वारी पोत्यात परत ओतली. तिला घाम आला नव्हता.

२ नोव्हेंबर, शनिवार

आत्याबाई म्हणाल्या, कन्हेरीच्या मारुतीला नवस बोललाय, शनिवारी चालत जायचं. मी सोबत गेले. कसला नवस ते वाटेत विचारलं.

"कसला न्हाय. चालायची सवय लावायची तुला."

माझ्या पुढं चालतात त्या! पाय उचलताना दिसतच नाहीत. मी मागं पडले तर मागं न बघता म्हणतात, "त्वांडानं श्वास घेऊ नगं."

९ नोव्हेंबर, शनिवार

कन्हेरी. उद्या लक्ष्मीपूजन, करंज्या राहिल्यात. तरी कन्हेरी.

३० नोव्हेंबर, शनिवार

कन्हेरी. परतताना मी पुढं होते! आत्याबाईंनी मुद्दाम सोडलं असावं.

१५ डिसेंबर, रविवार

सामानाची यादी. वातीचा स्टोव्ह. तीन लिटर रॉकेल. कुकर — होय, कुकर. दोन बॅटऱ्या, बारा सेल. महिपतरावांची पोथी, पळी-पंचपात्र, पाट. बसायला पाट! बुद्धघोष भाऊजींनी स्वतःसाठी एक घोंगडी, एक पातेली आणि काडेपेटी लिहून दिली.

आत्याबाई आतून यादी ऐकत होत्या. हळूच म्हणाल्या, "चूल कुनी पाठीवर वाहत्यात व्हय? तीन दगडं तितं न्हाईत का?"

२४ डिसेंबर, मंगळवार

दशम्या, धपाटी, शेंगाची चटणी, ठेचा, लाडू. कालपासून मी आणि आत्याबाई उभ्या आहोत. हे सॅक पाठीला लावून आरशासमोर तीनदा उभे राहिले. राजनंदिनी म्हणाली, "पप्पा, कासव!" तिला ओरडा बसला.

जाताना एक वाक्य बोलले, ते बरं वाटलं. "नकाशाची वही नीट केलीस." एवढंच. पण बोलले.

२५ डिसेंबर, बुधवार

गेले. स्टँडवर हार. नारळ फोडला. शिरवळला गाडी बदलायची, पुढं भोर, पुढं उंबरमाळ. रविवारी रात्री परत.

मी घरी येऊन दुपारी झोपले. लग्नाआधी कधीतरी झोपले असेन अशी.

२७ डिसेंबर, शुक्रवार

शुक्रवारी संध्याकाळी! बूट हातात, पायात महिपतरावांच्या दुकानातली स्लीपर. अंगाला सुकटीचा वास.

"झाली," म्हणाले. "पूर्ण झाली."

"पाच दिवसांची तीन दिवसांत?"

"शंकराची अर्धी प्रदक्षिणा हीच पूर्ण असते. शास्त्र आहे."

मी गरम पाण्यात मीठ टाकून पायाला दिलं. दोन्ही टाचांची सालं निघालीत, बघवत नव्हतं. माणूस खोटं बोलत असला तरी पाय खरे होते.

आत्याबाईंनी फक्त विचारलं, "वढ्यापतुर गेलता?"

"हो."

"पानी हुतं?"

"होतं. का?"

"काय न्हाय," म्हणाल्या.

२८ डिसेंबर, शनिवार

स्टोव्ह परत द्यायला बुद्धघोष भाऊजी आले. हे बाहेर गेले होते. चहा घेता घेता त्यांनी सगळं सांगितलं. तक्रार म्हणून नाही, मोजणीचा अहवाल द्यावा तसं.

झाडीच्या घाटानं उतरतानाच कुकर महिपतरावांच्या पाठीत रुतायला लागला. रॉकेल सांडलं, सगळ्या दशम्यांना वास. दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्यावर पोचले. तिथून पुढचा उघडा घाट दिसतो. भिंतीसारखा, उन्हात पांढरा. तिघंही खाली बसून वर बघत राहिले.

"मग मानसिंगराव म्हणाले, महिपतराव, तुमचं सोमसूत्राचं म्हणणं मला पटायला लागलंय."

माझ्या डोळ्यांपुढं ते दृश्य आलं आणि बशी हातातून निसटली.

अर्धी प्रदक्षिणा तरी शास्त्राप्रमाणे करायची, तर आल्या वाटेनं चढून परत यायला हवं होतं. तेही नाही. ओढ्याच्या अलीकडून वाडीपर्यंत आले, तिथून टेम्पो मिळाला, टेम्पोत सुकट होती. टेम्पोनं डांबरी रस्त्यापर्यंत, पुढं एस.टी.

"आणि तुम्ही, भाऊजी? तुम्हाला कुठला देव अडवत होता?"

"कुठलाच नाही. पण वहिनी, बरोबर गेलेल्यांना सोडून एकट्यानं डोंगर करायचा नसतो." मग म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी सांगितलेलं बरोबर होतं. उलटं जायला पाहिजे होतं. ते पुस्तक कुठलं?"

आत्याबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या कप घेऊन आत गेल्या.

१२ जानेवारी १९९७, रविवार

इथल्या साप्ताहिकात बातमी. "बारामतीच्या त्रिमूर्तींची जोगेश्वर प्रदक्षिणा यशस्वी." फोटो स्टँडवरचा, हार घातलेला, निघतानाचा. परततानाचा फोटो नाही हे बरं, त्यात स्लीपर आली असती.

कात्रण साहेबांच्या टेबलावर गेलंय म्हणे. बर्फाच्या शेजारी.

२६ जानेवारी, रविवार

आज सगळंच झालं. क्रमानं लिहिते.

सकाळी तरुण मंडळाच्या झेंडावंदनाला सत्कार. शाल, श्रीफळ. हे भाषणात म्हणाले, "निश्चय असेल तर डोंगरही वाट देतो." टाळ्या. बुद्धघोष भाऊजी व्यासपीठावर गेलेच नाहीत, मागं मुलांना लिमलेटच्या गोळ्या वाटत होते.

दुपारी तिघं चहाला. शाल अजून खांद्यावर. महिपतराव सांगत होते की अर्धी फेरी हीच कशी पूर्ण, आणि जे पूर्ण करतात त्यांना कसा दोष लागतो. कुळाला लागतो म्हणे.

तेव्हा आत्याबाई बाहेर आल्या. हात पुसत नाही, कप न्यायला नाही. येऊन सतरंजीवर बसल्या.

"महिपती, तुमचं शास्त्र बराबर आसंल. पर मेंढराला शास्त्र कळत न्हाय. आमी पंधरा-सोळा वरसं जोगीबाची पुरी फेरी केली. जाताना उगडा घाट, येताना झाडीचा. दरसाल त्यो वढा वलांडला. कुळाला काय झालं त्ये तुमच्याम्होरं बसलंय, शाल पांघरून."

यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

"मेंढरं?" महिपतराव म्हणाले. "तुमची?"

"आमचीच. दोनशे हुती. आमी बाया घोडी घेऊन म्होरं जायाचो, बाप्ये मागनं कळप घेऊन. घरातली फेरी अर्धी ऱ्हायलीय. ती मी पुरी करून येती. ही मनिषा येईल माझ्यासंगं."

 भाऊजींनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आत्या, म्हणजे ते पुस्तक तुम्ही होय?"

हे उठले आणि पाणी प्यायला आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मी गेले तर माठापाशी नुसते उभे होते. पेला रिकामाच. मला वाटलं ओरडतील. म्हणाले, "महिपती हसला का?"

"नाही. तोंड उघडं टाकून ऐकतायत. मेंढ्या किती पाणी पितात ते विचारतायत."

 मला पहिल्यांदाच त्यांचं वाईट वाटलं. अडतीस वर्षांचा माणूस, अजून पाठीमागच्या बें-बेंकडे कान लावून.

२७ जानेवारी, सोमवार

"किती दिवस?" हे.

"पाच."

"राजनंदिनीचं?"

"तुम्ही आहात ना."

शाळेत रजेचा अर्ज दिला. कारण — देवदर्शन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सामान: दोन घोंगड्या, एक पातेली, पीठ, चटणी, काडेपेटी, नकाशा. सॅक यांची घेतली, आत्याबाईंनी गाठोडंच पसंत केलं. यांनी सकाळी स्वतःहून सॅकचे पट्टे माझ्या मापानं आवळून दिले. परवा निघायचं.

दोनशेपानी वहीत दुसऱ्या पानावर मोकळ्या जागेत दोन नावं लिहिली.

९ फेब्रुवारी, रविवार. ओढ्यावर.

उघडा घाट सकाळीच उतरलो. मांड्या भरून आल्यात, पण उतरलो! आता ओढा. पाणी बारीक आहे, डोह मात्र भरलेला. महिपतरावांचं सोमसूत्र ते हेच.

आत्याबाई काठाला बसल्या, पाय पाण्यात सोडले, एका काळ्या दगडावर हात फिरवला. म्हणाल्या, "ह्याच दगडावर बाळुती धुतली मानसिंगची. माघारी येताना हितंच झाला त्यो. पाचवी पुजली, आन् घोडीवर पाटीत घालून पल्याड न्हेला."

यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म पिंपळी, एक जून. मी विचारलं, "यांना माहीत नाही?"

"इचारलंच न्हाय त्यानं कधी."

मी आधी हसले, मग रडू आवरेना. म्हणजे आमच्यात हा ओढा आधीच ओलांडलेला माणूस एकच शिल्लक होता — आत्याबाई सोडून — आणि तो त्या दिवशी याच पाण्याचं निमित्त करून माघारी फिरला. त्यानं तो पाच दिवसांचा असताना ओलांडलाय. झोपेत!

घरी गेले की सांगणार आहे. शाल त्यांच्याकडेच राहू दे.